मच्छरदाणीचा जबाब

मॅडमनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ढोके, या दोघांचं लग्न झालंय की नाही?"

"झालंय मॅडम. सर्टिफिकेट जोडलंय."

"पण तुमच्या रिपोर्टात तर दोघांची साधी ओळखसुद्धा दिसत नाही."

"लोकांनी जसं सांगितलं, तसंच लिहिलं मॅडम."

"तेच म्हणते मी. बसा."

आमच्या इन्स्पेक्टर मॅडम 'बसा' म्हणाल्या की दुपार गेली असं समजायचं. मी बसलो.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. शेवटची काही वर्षं जिल्ह्याच्या ऑफिसात परदेशी नागरिकांच्या टेबलावर होतो. यवतमाळ जिल्ह्यात परदेशी माणूस येणार तरी किती? वणीकडे खाणीत मशीन बसवायला आलेला एखादा इंजिनिअर, नाहीतर आजीला भेटायला आलेली अमेरिकेतली नात. सोबतचे लोक म्हणायचे, ढोकेला बिनपावसाचं टेबल मिळालं, कामच नाही. खरंच होतं ते. मारिसेलचा अर्ज येईपर्यंत.

मारिसेल फिलिपिन्सची. आखातातल्या एका दवाखान्यात नर्स होती. त्याच दवाखान्यात आपल्या ढाणकीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा गजानन राठोड एसी दुरुस्त करायचा. तिच्या वॉर्डातला एसी फार बिघडायला लागला म्हणे. तो बिघडवत कोण होतं, हे मी कोणत्याच कागदावर लिहिलेलं नाही.

नोकरी सोडून दोघं इकडे आले. रजिस्टर लग्न केलं. मग तांड्यावर पुन्हा रीतीनं लग्न लागलं. गजाननानं ढाणकीत फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. सगळं ठीक होतं, पण मारिसेल आली होती टुरिस्ट व्हिसावर. टुरिस्ट म्हणजे पाहुणा. पाहुण्याला सून म्हणून राहायचं असेल तर व्हिसा बदलून घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरतात, पण लग्न खरं आहे की नुसतं कागदावरचं, हे पाहायला कोणाला तरी पायानं जावं लागतं. त्याला फील्ड एन्क्वायरी म्हणतात. त्यात मोठा प्रश्न एकच असतो, नवरा-बायको एकत्र राहतात का? शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे, घरच्यांचे घ्यायचे आणि खाली आमची शिफारस. शिफारस उलटी गेली तर बाईनं मुदतीच्या आत बोचकं बांधायचं आणि देश सोडायचा. मारिसेलच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

आता माझी चूक सांगतो. अशा चौकशीला साध्या कपड्यात जावं, हे मला माहीत होतं. पण उमरखेडचा बंदोबस्त आटोपून येत होतो. म्हटलं, जवळच आहे, काम उरकून घेऊ. म्हणून मी तांड्यावर गेलो तो वर्दीत, सरकारी जीपमध्ये, मांडीवर फाईल घेऊन.

जीप थांबायच्या आत अर्धा तांडा गोळा. तांड्याचे नायक म्हणजे तिथले प्रमुख. पांढरा पटका बांधलेला उंच म्हातारा माणूस. त्यांनी मला देवळासमोरच्या ओट्यावर बसवलं, चहा सांगितला आणि स्वतः समोर बसले. मी फाईल उघडून थेट विचारलं, "गजानन अन् त्याची बायको एकत्र राहतात का?"

नायकांनी उलट विचारलं, "कोणाची तक्रार आहे साहेब?"

"तक्रार नाही. चौकशी आहे."

पोलिसाच्या तोंडून या दोन शब्दांतला फरक आजवर कोणी मानला नाही. नायकांनीही मानला नाही. त्यांनी पटका सारखा केला. "साहेब, आमच्या तांड्यात असं-तसं काही चालत नाई. पोरगी परदेशची असली तरी मर्यादेत आहे. कोणी काय सांगतलं असंन तर खोटं आहे."

मागून गजाननची आई शांताबाई पुढे आली. "माह्या बाजूले झोपते जी ती. रोज. लिहून घ्या."

शेजारीण म्हणाली, "नवऱ्याकडं वर मान करून पाह्यत नाई बाप्पा. इतकी गुणाची आहे."

किराणावाला म्हणाला, "दोघं एका गाडीवर बसलेले म्या तरी कधी पाह्यले नाई."

मी लिहून राह्यलो. सगळा तांडा सुनेचं कौतुक करत होता आणि एकेका वाक्यानं तिचं परतीचं तिकीट काढत होता. त्यांना ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, ही खरी लाजेची गोष्ट. मी काय समजलो? मी समजलो, लग्न बोगस आहे.

मग मारिसेलला बोलावलं. नाकापर्यंत ओढणी. मी हिंदीत विचारलं, "पती का नाम?" तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं डोळे वटारले. मारिसेलनं मान हलवली.

"नाम नहीं मालूम?"

तिनं मला हात जोडले. गजानन कुठे होता? पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली, जमिनीकडे पाहत उभा. बायकोची चौकशी चालू आहे आणि हा माणूस चपलेनं माती उकरतोय! मी सह्या-अंगठे घेतले, जीपमध्ये बसलो आणि वाटेत ड्रायव्हरला म्हटलं, "तीस वर्षं नवरे-बायका पाहून राह्यलो. हे नवरा-बायको नव्हेत."

तोच रिपोर्ट आता मॅडमच्या टेबलावर होता.

"हा असाच वर पाठवला तर ती पुढच्या आठवड्यात देशाबाहेर," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या पोरावर खोटी माहिती दिल्याची केस. तुमची खात्री आहे?"

माझी छातीठोक खात्री होती. ती मी सांगणार, तेवढ्यात खिडकीबाहेर मोटरसायकल थांबली. गजानन राठोड. मागे हेल्मेट घातलेली, जीन्समधली मारिसेल. ती खाली उतरली ती त्याला झापतच. गाडी उन्हात लावली म्हणून. त्यानं मुकाट्यानं गाडी उचलून सावलीत नेली. पेट्रोलच्या टाकीवर रुमाल टाकायला विसरला, त्यावर आणखी दोन वाक्यं खाल्ली. मॅडम खिडकीत उभ्या राहून पाहत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दोघं आत आले. अर्जाचं काय झालं ते विचारायला आले होते. मॅडमनीच तिला विचारलं, "पती का नाम?"

"गजानन राठोड," ती फटकन म्हणाली. "ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. शुगर नॉर्मल. सुनता नहीं है."

"मग परवा साहेबांना का नाही सांगितलं?"

"मॅडम, याडी ने बोला," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "बडे लोग के सामने आदमी का नाम नहीं लेने का. मैंने नहीं लिया." मग तिनं मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. "सर, मैंने करेक्ट किया ना?"

मी कपाळाला हात लावला. पोरीनं एवढी मन लावून रीत पाळली आणि मी तिला बोगस ठरवलं. मला माझीच भयंकर लाज वाटली.

गजाननचं तोंड उतरलं होतं. "साहेब, तिले पाठवतीन का हो? मोठ्या माणसांसमोर बायकोजवळ उभं राह्यत नाईत आमच्यात. म्हणून मी तिकडं होतो. मले काय माहीत हे असं होईन!"

मॅडमनी दोघांना बाहेर बसवलं. मी म्हटलं, "मॅडम, आता खात्री पटली. दुरुस्त करून टाकतो रिपोर्ट."

"कशाच्या आधारावर? खिडकीतून दिसलं म्हणून? घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सही करून सांगितलंय की एकत्र राहत नाहीत. नवे जबाब आणा. पहिल्यात आणि दुसऱ्यात फरक का, तेही त्यांच्याच तोंडून लिहून आणा. आणि ढोके, वर्दी घालून जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी साधा शर्ट-पँट घालून एसटीनं गेलो. आधी शांताबाईंना गाठलं. समजावून सांगितलं की तुमच्या जबाबानं सून परत चालली. बाई मटकन खाली बसल्या.

"मी तं तिचं चांगलंच सांगतलं जी!"

"चांगलं सांगितलं, पण खरं सांगा आता. दोघं एकाच खोलीत राहतात ना?"

बाई अंगणाकडे पाहू लागल्या. अंगणात नायक आले होते, दीर आला होता, चार म्हातारे आले होते. त्यांच्यासमोर ही गोष्ट आईनं तोंडानं कशी सांगायची? शेजारणीला विचारलं, ती पदरात हसली आणि घरात पळाली. किराणावाला म्हणाला, "मी दुकानात असतो साहेब, मले काय ठाऊक." मी नायकांना विचारलं. त्यांनी खाकरून आभाळाकडे पाहिलं. तासभर मी हाच प्रश्न फिरवून-फिरवून विचारला आणि तासभर सगळे लाजले. माझं टाळकं सरकलं. वैतागून मी म्हटलं, "बरं, निदान भांडतात तरी का हो दोघं?"

"भांडतात?" शेजारीण घरातून बाहेर आली. "बाप्पा बाप्पा! आमची भिंत एकच आहे. मले इचारा!"

मग जे सुरू झालं ते आवरेना. ओला टॉवेल पलंगावर टाकते म्हणून भांडण. टॉवेल कोण टाकते? तो. कूलरचं तोंड ती स्वतःकडे फिरवते म्हणून भांडण. तिनं खोलीत सुकट तळली, त्याच्या दुकानाच्या शर्टाला वास लागला, त्यावर तर दोन दिवस. किराणावाल्याचीही आठवण अचानक सुधारली. तिला तीन वेळा भात लागतो, याला भाकर, म्हणून तांदळाची पिशवी कोणी उचलून न्यायची यावरून दोघं त्याच्या काउंटरसमोरच जुंपले होते. अन् मग एकाच गाडीवर बसून गेले.

"एका गाडीवर?" मी विचारलं. "तुम्ही तर पाहिलंच नव्हतं."

"भांडताना पाह्यलं होतं," तो म्हणाला. "ते येगळं."

मी पेनाला दम घेऊ देत नव्हतो. भांडणात कोणालाच लाज नव्हती. शेवटी नायक म्हणाले, "अन् मच्छरदाणीचं तं आम्हीच मिटवलं."

"कोणतं मच्छरदाणीचं?"

तेव्हा कळलं. तांड्यावर घरातला तंटा वाढला की तो नायकांसमोर बैठकीत येतो. गजानन मच्छरदाणीची आपली बाजू गादीखाली नीट खोचत नाही, डास आत येतात, आणि ही नर्स, डेंग्यूचे पेशंट पाहिलेली. भांडण इतकं वाढलं की शांताबाईंनीच ते बैठकीत नेलं. पाच म्हाताऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला. डावी बाजू त्यानं खोचायची, उजवी तिनं, आणि कोणीही दुसऱ्याच्या बाजूचं नाव काढायचं नाही.

"नायकसाहेब," मी म्हटलं, "मच्छरदाणी किती?"

"एक."

"मग दोघं एकत्र राहतात असं लिहू?"

नायक माझ्यावर चक्क चिडले. "एकत्र राह्यल्याबिगर भांडतीन कसे? तुम्ही एवढे मोठे साहेब, अन् असं काहून इचारता?"

मी खाली मान घालून लिहिलं. नायकांनी सही केली. पण शांताबाईंचा पहिला जबाब अजून शिल्लक होता. तो मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. 'सून माझ्या बाजूला झोपते, रोज.'

शांताबाई उठल्या. पदर सारखा केला आणि नायकांकडे न पाहता बोलल्या. "ते मी खोटं सांगतलं. पोलीस आले, कोणी पोरीच्या चालीवर बोट ठेवलं असंन असं वाटलं, म्हणून सांगतलं. पोरगी माह्या पोराच्या खोलीत राह्यते. ते खोली मीच देल्ली त्यायले, नवा पलंग घेऊन." मग त्यांचा आवाज फाटला. "तिले पाठवू नका जी. तिची आई तिकडं रडत असंन, माहीत आहे मले. पण मले लेक नाई. आता आली, तं तुम्ही नेता?"

मारिसेलला सगळं कळलं नसेल, पण सासू रडते हे कळलं. ती ओढणी सावरत आली आणि भर अंगणात, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, सासूला कवेत घेऊन उभी राहिली. कोणी तिला टोकलं नाही. माझे डोळे भरून आले. मी अंगठ्याचं स्टॅम्पपॅड शोधायच्या निमित्तानं बॅगेत तोंड घातलं.

नवा रिपोर्ट अकरा पानांचा झाला. मॅडम वाचत वाचत चौथ्या पानाला थांबल्या. "ढोके, हा व्हिसाचा रिपोर्ट आहे की घटस्फोटाचा अर्ज?"

"एकत्र राहण्याचा पुरावा आहे मॅडम. पंचांसहित."

"मच्छरदाणीचा निकाल खरंच पाच जणांनी दिलाय?"

"एकमतानं."

मॅडमनी चष्मा घातला, शिफारस केली आणि फाईल त्याच दिवशी वर गेली. मुदत संपायला दोन दिवस असताना मंजुरी आली. गजाननला फोन केला तर फोन शांताबाईंनीच हिसकून घेतला. त्या काय बोलल्या, ते हुंदक्यांत मला नीट समजलं नाही. मागून मारिसेल कोणावर तरी ओरडत होती, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

त्यानंतर अशा जेवढ्या चौकश्या केल्या, त्यांत 'एकत्र राहता का' हा प्रश्न मी शेवटी ठेवला. आधी भांडणं विचारायची. प्रेमाला साक्षीदार मिळत नाही, भांडणाला अख्खी गल्ली हजर असते.

हे सगळं मी घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी गमतीनं विचारलं, "आपली अशी चौकशी आली तर शेजारी काय सांगतीन?"

"सांगतीन, एक पोलीस अधूनमधून जेवायला येते."

"अन् भांडणं?"

"भांडायले माणूस घरी लागते," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली.

रिटायर झाल्यावर लोहाऱ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसरची जागा चालून आली होती. मी नाही म्हणून सांगितलं.