वाटीवरचं नाव

मुलांनो, तुमच्या धाकट्या बहिणीसाठी गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, चांदीची वाटी घेतली आणि मी ठरवलेलं तिचं पाळण्यातलं नाव घालायला सराफाच्या पायरीवरच्या कारागिरापुढे बसले. एकेक अक्षर कोरून तो फुंकर मारायचा आणि अंगठ्याने चाचपायचा.

“शंभर वर्षांनी मुलींची नावं कसली असतील हो?” मी विचारलं.

“जुनीच फिरून येणार की, आजी. आत्ताच रमा, गोदा याय लागल्यात.” मग मान वर न करताच म्हणाला, “पण ही अक्षरं वाचणारं कोण ऱ्हाईल का न्हाय, ते बघा.”

घरी आले आणि लगेच हे पत्र लिहायला बसले.

तुमच्या तिकडच्या शाळेत मराठी नाही, म्हणून हे पत्र बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. वाटीवरचं नाव मात्र तुम्हीच वाचा, आणि नाही जमलं तर मला खरं सांगा.