एकोणचाळीसचा रुपया

आमची काशम्मा म्हणजे डूख धरणारी बाई. मी तिची धाकटी जाऊ, कमलम्मा; तिला अक्का म्हणते. एका चुलीवर एकवीस वर्षं काढलीत आम्ही, खोटं कशाला सांगू? कुणी वाकडं बोललं की मी तिथल्या तिथं भांडून मोकळी व्हायची. ती नाही. ती हसायची, पदर खोचायची आणि मुसळ उचलायची. लोकांना वाटायचं, विसरली. विसरते कुठली!

थोरले भावजी गेल्यावर शुक्रवार पेठेतल्या घरात शेंगाच्या चटणीचं काम तिनंच उभं केलं. तेल सुटेपर्यंत कुटायची बया, घामानं निथळायची, पण हाताखालची शेंग कच्ची राहू द्यायची नाही. सोलापुरातली चार दुकानं आणि बार्शीतली दोन, एवढी आमची गिऱ्हाइकी. तिखट-मिठाचा हिशेब सोडला तर अक्काला अक्षर ओळखीचं नव्हतं, हे मात्र खरं.

तिच्याजवळ आईचे अकरा रुपये होते. चांदीचे, राजाच्या तोंडाचे. आईला भाऊबीजेला भाऊ ओवाळणीत टाकायचा, त्यातले अकरा म्हातारीनं मोडले नव्हते. त्र्याहत्तर साली अक्काच्या लेकीचं, गौराचं लग्न ठरलं तेव्हा ते विकायला काढले. मी बरोबर गेले होते.

धोंडप्पा सराफ. आमच्याच समाजातला, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, तोंडात शिवाचं नाव. त्यानं अकरा रुपये हातावर घेतले. त्यातला एक उचलला, भिंगातून बघितला. लई वेळ बघितला. मग बाकीच्या दहात टाकून म्हणाला, "झिजलेली नाणी हायत. चांदीचा भाव मिळंल, घट वजा."

अक्कानं विचारलं, "त्यो एक येवढा निरखून बघितलात, त्याला काय येगळा भाव असतो की काय?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. धोंडप्पा मोठ्यानं हसला. "शेंगांबरोबर अक्कल बी कुटली का काय, बाई? चांदी ती चांदी!"

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्कानं मात्र पैसे घेतले, पदराला गाठ मारली आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

दोन महिन्यांनी आमच्या ओसरीवर एक म्हातारा आला. रहिमतुल्लाभाई. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर जन्म काढून पेन्शनीत निघालेला माणूस, जुनी नाणी जमवायचा नाद. त्यानं अर्धा शेर चटणी घेतली आणि मग खिशातून कागदाची पुडी काढून आमच्यापुढं उघडली. आत रुपया. अक्कानं तो बघताक्षणी ओळखला.

"धोंडप्पाकडून घेतला," तो म्हणाला. "तो बोलला, शुक्रवार पेठेतल्या चटणीवालीच्या आईचा आहे. असे आणखी आहेत का, विचारायला आलो."

"केवढ्याला घेतला, भाई?"

"दोनशे."

 त्या रुपयात चांदी होती सहाएक रुपयांची! रहिमतुल्लाभाईंनी सगळं सांगितलं. हा एकोणचाळीस सालचा. त्या सालचे रुपये लोकांच्या हातात फार थोडे आले, म्हणून जमवणारे त्याला चांदीचा भाव देत नाहीत, सालाचा देतात. माणूस सरळ होता. आम्हाला कुणी फसवलंय हे आपल्या तोंडून कळलं म्हणून बिचारा ओशाळला.

अक्का तशीच उठली, सराफाच्या दुकानात गेली. मी मागोमाग. धोंडप्पाची मान जराही खाली गेली नाही. म्हणाला, "तू विकलंस, मी घेतलं. सांगायला मी काय बांधलेला हाय?" वर आणखी, "पुन्हा काय असलं तर घेऊन ये की!"

परतताना मी रस्ताभर त्याच्या सात पिढ्या काढल्या. अक्का एवढंच बोलली, "कमळे, ह्याची जिरवल्याबिगर मी मरायची न्हाय."

आणि बाई शिकायला बसली! वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. रहिमतुल्लाभाई दर रविवारी यायचे, चटणी-भाकरी खायचे आणि तिला नाणी दाखवायचे. इंग्रजी आकडे ती रांगोळीनं फरशीवर गिरवायची. त्या माणसानं तिला एक गोष्ट शंभरदा सांगितली असेल. चांदीवर वर्षांनुवर्षं जी काळपट झाक चढते, तिला हात लावायचा नाही. ती गेली की जमवणाऱ्याच्या लेखी नाणं मेलं. घासलेल्या नाण्याला जाणता माणूस विचारत नाही. हे ऐकताना अक्काच्या डोळ्यांत काहीतरी चमकायचं. मला तेव्हा कळलं नाही.

चार वर्षं ती हिंडली. गावोगाव चटणी द्यायला जायची आणि बायकांची गाठोडी उघडायला लावायची. राजा छाप, राणी छाप, सगळं बघायची. एकोणचाळीस कुठंच नाही. अखेर सत्त्याहत्तर साली दसऱ्याच्या आसपास वळसंगला चंद्रव्वा म्हणून एक म्हातारी होती, तिच्या डब्यात निघाला. काळाशार, पण शिक्का अगदी ठळक, राजाच्या मुकुटावरचे मणी मोजून घ्यावेत असा. अक्कानं तिथल्या तिथं सगळं खरं सांगितलं, कसला आहे, केवढा जातो. आणि आपली बोरमाळ मोडून चंद्रव्वाला तीनशे रुपये दिले.

"रुपायाला तीनशे?" चंद्रव्वा म्हणाली. "खुळी हायस का काय गं तू?" आणि नोटा पोलक्यात सारल्या.

रविवारी रहिमतुल्लाभाईंनी तो रुपया बघितला. म्हातारा तो उजेडाकडं वळवून वळवून बघत राहिला. आपल्याकडचा त्यानं मागंच मुलीच्या बाळंतपणात विकला होता. "बहन, हा मला दे. साडेतीनशे आहेत माझ्याजवळ. त्याच्या वर एक पैसा नाही."

मी म्हटलं, अक्का, दे की! तुझा पैसा निघतोय, वर पन्नास, आणि गुरूच्या हातात जातोय. अक्कानं मान हलवली. "न्हाय भाई. हा मी दुसऱ्यासाठी आणलाय." म्हाताऱ्यानं रुपया परत तिच्या हातात ठेवला. चटणी न घेताच गेला.

वसुबारसेला आम्ही धोंडप्पाच्या दुकानात. रुपया बघताच त्याचे डोळे लकाकले. ह्या वेळी त्याला भिंग लागलं नाही आणि अक्काला आकडा सांगायला लाज वाटली नाही. "नऊशे. एक कमी न्हाय. न्हायतर पुण्याला जाते." त्यानं कुरकुर केली, शिव शिव म्हटलं, पाणी पाजलं. अक्का दगड. शेवटी त्यानं नऊशे मोजले. पुण्याचा एक शेठ पाडव्यानंतर येणार होता, त्याच्याकडून दीड हजार काढायचे त्याच्या मनात होते. हे त्यानंच बढाई मारून सांगितलं.

बाहेर आल्यावर मी चिडले. "ही जिरवली व्हय? त्याचाच फायदा करून दिलास की!"

"दिवाळीला सराफ काय करतात गं?" अक्का म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं लक्ष्मीपूजनाच्या आधी दुकानातली झाडून सगळी चांदी घासतात. रिठ्याचं पाणी, रांगोळीची पूड, अंगठ्यानं खसाखसा. काळी चांदी लक्ष्मीपुढं मांडणं म्हणजे अवलक्षण. असं कुठला सराफ करील? धोंडप्पाला साल कळत होतं. झाक कळत नव्हती. त्याच्या बापजाद्यांनी चांदी लखलखीत ठेवली म्हणून तर दुकान चाललं!

पूजनाला आम्ही मुद्दाम दर्शनाला गेलो. चौरंगावर मधोमध, कुंकवाच्या बोटाखाली, एकोणचाळीसचा रुपया. कालच टांकसाळीतून आल्यासारखा झगझगत होता. राजाचा मुकुट गुळगुळीत. हसू येऊ नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला. अक्कानं हात जोडले, प्रसादाच्या साळीच्या लाह्या घेतल्या आणि धोंडप्पाला म्हणाली, "लई तेज आलंय बघा लक्ष्मीला."

पुण्याच्या शेठनं रुपयाला बोटसुद्धा लावलं नाही म्हणे. भर दुकानात म्हणाला, घासलेला माल मला दाखवता? अख्ख्या सराफ बाजारात बोभाटा झाला. तिसऱ्या दिवशी धोंडप्पा आमच्या ओसरीवर, घामाघूम. "तुला ठाऊक होतं! घासू नका म्हणून का न्हाय सांगितलंस?"

"तुमी इचारलात?" अक्का म्हणाली. मुसळ थांबलं नव्हतं.

"माझं नाव गेलं, बाई!"

"माझ्या आईचं नाणं बी असंच गेलं व्हतं. तुमी हसला व्हता."

मला तर हे ऐकून पोट भरलं, काय सांगू! गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. धोंडप्पा खाली मान घालून त्यांच्यामधून गेला. त्या दिवशी मी शेंगांची पोळी केली आणि अक्काला बळंबळं दोन खायला घातल्या.

पुढच्या रविवारी रहिमतुल्लाभाई आले. महिनाभर फिरकले नव्हते. अक्का लगबगीनं पाट मांडायला गेली, पण ते बसले नाहीत. खिशातून पुडी काढली आणि उघडली. आत तोच रुपया, पांढराफटक.

"धोंडप्पानं साठ रुपयांत काढून टाकला," ते म्हणाले. "कुणी घेईना. मी घेतला. अब मेरी औकात में आया, बहन."

 मग त्यांनी रुपयावरून अंगठा फिरवला. "दुश्मनी धोंडप्पा से थी ना? इस बिचारे ने क्या बिगाड्या था?"

एवढं बोलून ते गेले. अक्का पाटाशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येताना मी भावजी गेले तेव्हाच पाहिलं होतं, ते त्या दिवशी दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "जाऊ दे गं, धोंडप्पाची जिरली ना?"

"जिरली," ती म्हणाली. "पन भाईंच्या तोंडाकडं मला बघवंना, कमळे."

"मग त्यांनाच द्यायचा होता की! पुन्हा घावला तर देशील का?"

तिनं डोळे पुसले आणि माझ्याशी खोटं बोलली नाही.

"न्हाय," म्हणाली. "पुन्हा घावला तरी धोंडप्पाच्याच दुकानात नेईन."