'ट्रॅव्हल'चा धडा आणि बसमधली जागा

मंडळी, आज पायांत त्राण नाही, तरी लिहिते.

मी परभणीहून झरीच्या शाळेला रोज बसनं अपडाऊन करते. आज आठवीला 'ट्रॅव्हल' शब्द शिकवला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता कष्ट करणं. पूर्वी प्रवासात इतके हाल व्हायचे, की तोच शब्द प्रवासाला चिकटला.

निकिता नावाची मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, मनून तुमी रोज दमून येता."

खरं सांगते, बरं वाटलं. कुणीतरी माझे कष्ट ओळखले.

संध्याकाळची बस खचाखच भरलेली. दांडा धरून उभी राहिले, तर समोरच्या सीटवर निकिता आणि तिची आई, मावशीकडे निघालेल्या. आई शेतातून थेट आलेली. कापूस वेचून बोटं चिरलेली.

निकितानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. आई उठलीच. "बसा मॅडम. पोरगी सांगायलीय, तुमाला प्रवासाचा लय तरास हाय."

मी "नको, नको" म्हणाले. एकदाच. मग बसले.

परभणी येईपर्यंत ती माऊली उभी होती आणि मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

तुम्ही असता तर उठला असता का? माझ्याच्यानं उठवलं नाही.