चौघींपैकी तिघी

गाणं थांबलं. हळदीची वाटी मामीच्या हातात तशीच राहिली आणि माझी नात पाटावरून उठून उभी राहिली. तोंड, हात, पाय सगळे पिवळे, डोळ्यांतून पाणी. फोन तिच्या आईने धरला होता, कारण पोरीची बोटं हळदीने माखली होती. तो स्पीकरवर होता, म्हणून सगळ्या मांडवाने ऐकलं.

"दोन मशिनी चालू आहेत ना? मग दोघींवर चालव," तिचा साहेब सांगत होता. "नियम बदल आणि सुरू कर. नाहीतर आत्ता वाशीला ऑफिसात ये. दोन्ही जमत नसेल तर लग्नानंतर पण येऊ नकोस."

"सर, दोघींवर नाही करणार. आणि येऊ पण शकत नाही. हळद लागलीय."

साहेबाने फोन ठेवला.

आमच्या तळवलीत हळद लागलेली नवरी गावाची शीव ओलांडत नाही. हा नियम मी केला नाही, पण पाळायला लावणारी मीच. मी धवलारीण आहे. लग्नात धवले गाते, आणि आमच्या गाण्यावरच एकेक विधी पुढे सरकतो. आम्ही चौघी गातो. मी चौथीपर्यंत शिकले, बाकीच्या तेवढंही नाही. आमचा एकही धवला कागदावर नाही.

मी म्हटलं, "कशाला रडतेस गो? साहेब सांगतोय तर दाब ना बटन."

"आजी, तू तरी गप बस."

"गप कशी बसू? माझा गाना अडलाय."

ती रागाने पाटावर बसली. तिच्या नोकरीबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरवर काहीतरी करते, एवढं माहीत होतं. त्या दिवशी तिने सांगितलं, तेही माझं तोंड बंद करायला.

"हे पैसे देण्या-घेण्याचं नेटवर्क आहे, ब्लॉकचेनवालं. मार्केटातले व्यापारी, पतपेढ्या त्यावरून एकमेकांना पैसे देतात. हिशेब एका जागी नाही. चार जागी चार मशिनी, चौघींकडे तोच हिशेब. एकीने म्हणायचं, याने त्याला इतके दिले. बाकीच्यांनी तपासायचं, याच्याकडे होते का. मग प्रत्येकीने सगळ्यांना सांगायचं, हो, बरोबर. चौघींपैकी तिघींचं हो आलं की ते पक्कं. आधीच्याला जोडलं गेलं, मग कोणाच्या बापाला बदलता येत नाही. पुढच्या वेळी दुसरीची पाळी."

"धवल्यासारखाच हाय की," थोरली म्हणाली. आम्हा चौघींत ती सगळ्यांत म्हातारी. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची, एवढंच तिला म्हणायचं होतं.

"मग आता काय झाला?" मी विचारलं.

"पनवेलची मशीन दुरुस्तीला काढलीय. बोनकोड्याची सकाळपासून बोलत नाही. उरल्या दोन. म्हणून सगळं थांबलंय."

"मेल्या त्या मेल्या. जित्या हायेत त्यांनी चालवावा."

"मेलीय की नुसती ऐकू येत नाही, ते इथून कळत नाही ना आजी! समज, तुम्ही दोघी इथे आणि दोघी बोनकोड्यात. मधे फोन बंद. तुम्ही म्हणाल, त्या मेल्या, आपण दोघी पुरे. त्या म्हणतील, ह्या मेल्या, आपण दोघी पुरे. मग एकच नवरा दोन मांडवांत दोन पोरींच्या गळ्यात! तसेच एकच पैसे दोघांना दिले जातात."

मांडव हसला. मामी म्हणाली, "तुझा नवरा धड एकीला पुरायचा नाय, दोघींना कुठला?"

"आणि तिघी लागतात म्हटलं की?" मी विचारलं.

"तिघी इकडे असल्या तर तिकडे एकटीच उरते. एकटीला लग्न लावता येत नाही. चौघींत एखादी खोटारडी निघाली, दोन्ही मांडवांत जाऊन गायली, तरी एका मांडवात दोघीच होतात. तिघी नसल्या तर थांबायचं. थांबलेलं पुन्हा सुरू होतं. दोनदा लागलेलं लग्न कसं सोडवायचं?"

खोटारडी म्हटल्यावर माझ्याबरोबर गाणाऱ्या तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मला पटलं. मला सहसा पटत नाही. "मग थांब," मी म्हटलं. "साहेब गेला उडत. पन ती बोनकोड्याची का बोलत नाय, ते तर इचार."

बोनकोड्याची मशीन पतपेढीत, आणि पतपेढी नवऱ्यामुलाच्या घराला लागून. नात ती मशीन बसवायला गेली तेव्हाच तिची त्याची ओळख झाली होती. रविवार, म्हणून पतपेढी बंद. तिने आईला नवऱ्यामुलाला फोन लावायला सांगितलं.

"जरा शेजारी बघ ना, लाइट आहे का?"

"लाइट आहे. इंटरनेट नाही. आमचं पण गेलंय, मेढ रोवल्यापासून."

नात हळूच म्हणाली, "मेढ कुठे रोवली?"

"दारात. काकाने पहारीने खड्डा केला. मधे एक काळी वायर आली. काका म्हणाला, जुनी असेल."

लग्नाच्या मांडवात आम्ही उंबराचा खांब रोवतो, तीच मेढ. त्याच्या लग्नाच्या मेढीने हिची नोकरी तोडायला घेतली होती.

"तुझ्या काकाला सांग, लग्न मोडलं!" ती ओरडली आणि मग इतकी हसली की गालांवरच्या हळदीला भेगा पडल्या.

तिकडे केबलवाला आला. म्हणाला, खांब काढा. तिकडच्या बायका म्हणाल्या, मेढ लग्न होईस्तोवर हलत नसते, तूच बाजूने खण. बिचारा गुडघ्यांवर बसून वायर जोडत होता आणि बायकांनी त्यालाही हळद लावली. नवरामुलगा फोनवर हे सांगत होता आणि आमच्याकडे हसून हसून पोटं दुखत होती.

इकडे स्टुलावर लॅपटॉप ठेवला होता. त्यावर दोन हिरवे ठिपके. मधेच तिसरा उमटला.

"आली! तिसरी आली!" नात म्हणाली. "थांबा, मागचं राहिलेलं सगळं ऐकून घेतेय. आता हो म्हणाली!"

साहेबाचा फोन आला. तिने आईला तो माझ्या कानाला लावायला सांगितलं. मी म्हटलं, "चालू झाला ना? मग आता जेवायला या." तो आला. मटण दोनदा घेतलं, आणि सुट्टी संपली की ये, असं तिला म्हणाला.

आता धवला पुन्हा उचलायचा, तर कुठे सोडला होता? थोरली एक ओळ म्हणाली, आम्ही तिघी दुसरी. नात पाटावरून ओरडली, "तीन हो आले, पक्कं!" आम्ही तिघींची ओळ गायलो. थोरली पण गायली, पण आपलीच बरोबर होती असं शेवटपर्यंत म्हणत राहिली.

नात त्याच नोकरीत आहे. तिला मुलगी झाली. थोरली गेल्या उन्हाळ्यात वारली. आम्ही तिघी आहोत, आणि गातो.