गाडीतला गोड वास

गॅरेजवाल्या मामाला सगळा रस्ता नाकमामा म्हणायचा. नाक काही फार मोठं नव्हतं. पण गाडी आत वळता वळता मामा लांबूनच सांगायचा, "क्लच जळलाय," नाहीतर "वायर वितळतेय कुठेतरी," आणि बॉनेट उघडल्यावर तेच निघायचं. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. मामा मग उगाच मिशीवरून हात फिरवायचा. फिरवणारच. एवढी एकच तर ऐट होती बिचाऱ्याची.

ती ऐट एका तापात गेली. ताप उतरला, सर्दी गेली, पण वास काही परत आला नाही. पेट्रोल, साबण, कांदा, सगळं एकजात पाणी. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. मामा रोज सकाळी पेट्रोलची चिंधी नाकाशी धरून बघायचा. कुठलं काय.

कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? मामी जाऊन वर्षं झाली होती. गॅरेजमागच्या एका खोलीत मामा आणि त्याचा स्टोव्ह, बस. दूध करपलेलं धूर डोळ्यांत गेल्यावर कळायचं, भाजी आंबलेली पोटात दुखल्यावर. तेही चालून गेलं असतं. पण त्याच्या डोक्यात भलतंच बसलं, की आपल्या अंगाला घाण वास येत असेल आणि आपल्यालाच पत्ता नसेल. मग दिवसातून दोनदा अंघोळ. बोलताना मागे मागे सरकायचं. धाकट्या बहिणीकडे जेवायला जाणं बंद. समोरच्या टायरवाल्याबरोबर बाकावर बसून चहा व्हायचा, तोही बंद. टायरवाल्याला ते लागलं. "मामाचं नाक हल्ली फार वर गेलंय," असं येईल त्याला सांगत सुटला. त्याला काय माहीत!

अशात व्हॅनवाली आली. शाळेच्या पोरांची ने-आण करायची, आणि आवाज असा की हॉर्नची गरजच नाही. डॅशबोर्डवर लाल दिवा, शेजारी पिवळा दिवा, तापमानाचा काटा पार वरच्या टोकाला.

"मामा, चढ आला की तापते ही बया. पाणी घातलं की गप्प. खाली एक थेंब गळत नाही. मग एवढं पाणी पितं कोण?"

मामाने पंखा फिरतो का बघितलं, फिरत होता. इंजिनचं पाणी अडवणारा-सोडणारा थर्मोस्टॅट जुना झालेला, रेडिएटरचं झाकण सैल. दोन्ही बदलली. व्हॅनवाली तोवर मागची सीट पुसत होती.

"कार्ट्यांनी सरबत सांडलंय बहुतेक. कसला गोड वास येतोय ना आत?"

मामाने मान आत घातली. जोरात श्वास घेतला. काही नाही.

"हो, येतोय," मामा म्हणाला. "सरबतच."

येत नाही म्हणून सांगायचं? नाकमामाने? जीभच रेटली नाही.

आठवडा झाला नसेल, व्हॅन दोरीने ओढत आणावी लागली. चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला, बाईने पोरांना धडाधड उतरवून भिंतीशी उभं केलं होतं. कुणाला खरचटलंही नव्हतं.

"मी रागावले नाहीये," ती रागावून म्हणाली. "पण सगळ्यात लहान पोर थरथरत होती. मला विचारते, आता गाडी फुटणार का? मामा, तुम्हाला कळत नसेल तर सांगा. मी दुसरीकडे नेते. तोंड वाकडं नाही करणार."

इंजिन गार झालं तसं मामाने झाकण उघडलं. रेडिएटर अर्धा रिकामा. पाइप बाहेरून कोरडे. ऑइलची पट्टी ओढून बघितली, ऑइल स्वच्छ, पाण्याचा मागमूस नाही. मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि समोरच्या काचेवर आतून बोट फिरवलं. बोट चिकट झालं.

"काच रोज अशी होते?"

"रोज. पोरांचे हात."

"मागे बसलेल्या पोरांचे हात पुढच्या काचेपर्यंत?"

व्हॅनवालीने मागच्या सीटकडे वळून बघितलं.

पायाखालचा गालिचा ओला होता, पण व्हॅन तिने सकाळीच धुतलेली. नक्की कसं कळणार? डॅशबोर्ड उकलायचा म्हणजे दिवस मोडणार, आणि परत चुकलं तर? वासाने मिनिटात निकाल लागला असता. मामा स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"ताई, मला वास येत नाही."

"या गाडीत?"

"कशातच नाही. ताप आला होता, तेव्हापासून."

"मग त्या दिवशी हो म्हणालात ते?"

"खोटं बोललो."

आता ही रस्ता डोक्यावर घेणार, असं मामाला वाटलं. पण तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मामा, माझी पोरं होती हो आत."

"हो," मामा म्हणाला.

मग तो उठला, रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या, गोडसर वासाच्या कूलंटचा डबा उघडला आणि हात लांब करून तिच्यापुढे धरला. "हे हुंगा. मग आत पायाशी वाकून हुंगा."

ती अर्धी आत गेली. आतूनच ओरडली, "हाच! अगदी हाच वास, मेला!"

डॅशबोर्डच्या मागे हीटरची छोटी जाळी असते, इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती फुटली होती. पाणी बाहेर न गळता आत गालिच्याखाली मुरत होतं, त्याचीच वाफ काचेवर. मामाने हीटरकडे जाणारे दोन पाइप काढून एकमेकांना जोडले. नवी जाळी येईपर्यंत हीटर बंद. कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. आत अडकलेली हवा बुडबुड करत निघत राहिली, मग थांबली.

"बसा शेजारी," व्हॅनवाली म्हणाली. "चढ चढून बघू. लाल दिवा लागला तर तुम्हीच ढकला."

मामा बसला. काच खाली केली, दाराला चिकटला.

"मी चावते का? तिकडे काय सरकलाय?"

चढ सुरू झाला. काटा मध्यावर होता. मामा काट्याकडेच बघत म्हणाला, "ताई, माझ्या अंगाला वास येतो?"

तिने बिनधास्त त्याच्याकडे वळून हुंगलं. "येतो की. साबणाचा. डोळे झोंबतायत माझे."

चढ संपला. दिवा लागला नाही. मामा दाराला तसाच चिकटून बसला होता, पण हसत होता थोडा.

संध्याकाळी व्हॅन गेली. गालिचा धुऊन गॅरेजबाहेर दोरीवर टाकलेला, सकाळी परत बसवायचा होता. मामाने त्यात तोंड खुपसलं, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. परत घेतला. काहीच नाही. मग त्याने रस्त्यापलीकडे टायरवाल्याला हाक मारली.

"जरा इकडे ये रे. याचा वास गेला का बघ."

टायरवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग हात पुसत आला. "का? तुमचं नाक सुट्टीवर गेलंय?"

"हो," मामा म्हणाला. "परत येईलसं दिसत नाही."

टायरवाला हसायला लागला होता, तो मामाच्या तोंडाकडे बघून थांबला. मग वाकला, गालिच्याला नाक लावलं आणि नीट हुंगायला लागला.