रेडिओवर गेलेलं जातं

माझी बायको गेल्यापासून मी रेडिओ लावलेला नाही. परवा नुसताच त्याच्यासमोर बसून राहिलो आणि आमचा बीडचा रेडिओ आठवला.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बिंदुसरा नदीच्या काठी सरकीच्या एका वखारीवर दोन खोल्या होत्या. एकीत यंत्र आणि बॅटऱ्या. दुसरीत भिंतींना गोधड्या लावलेल्या, मधे एक टेबल आणि त्यावर मायक्रोफोन. छपरावर बांबूला बांबू बांधून उभा केलेला खांब. घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीनं हा संसार मांडला होता. हैदराबादहून परवाना आणण्यासाठी त्यानं किती जणांच्या पायऱ्या झिजवल्या, ते तोच जाणे. दिवसा तेलाच्या इंजिनावर बॅटऱ्या भरायच्या. बोलायची वेळ झाली की इंजिन बंद करायचं, नाहीतर त्याचीच धडधड सगळीकडे जायची. दिवस कलताना तासभर आमचं चाले. आधी मिस्त्री उर्दूत बोलायचा, मग मी मराठीत. मी शाळेत मास्तर होतो. कापसाचे, ज्वारीचे भाव वाचायचे, एखादं भजन, थोड्या बातम्या. मोठ्या गावांच्या चावडीवर रेडिओ ऐकायच्या सरकारी पेट्या बसवल्या होत्या. आमचं बोलणं तिथवर पोचलं की नाही, ते बाजाराला आलेल्या गाडीवानांकडून कळायचं. "मास्तर, काल उमापूरला नुसती खरखर. तुमी कापसाचा भाव सांगितला का भजी तळली?" असं एकानं विचारलेलं आठवतं.

एका साली माझी सासू दिंद्रुडला अंथरुणाला खिळली. डोळे तर आधीच गेले होते. इकडे आमच्या मुलाला डांग्या खोकला. ढास लागली की पोर निळं पडायचं. त्याला बैलगाडीतून नेणं शक्य नव्हतं आणि टाकून जाणंही. तिकडून निरोप यायचे, म्हातारी सारखी लेकीचं नाव घेते. माझी बायको ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुमचा आवाज जातो तिकडं. माझा जाईल का?"

मी मिस्त्रीला विचारलं. तो खूश झाला. "क्यों नहीं? भाभीला घेऊन या." घरात मात्र माझी मोठी वहिनी अडून बसली. "घरच्या बाईचा आवाज चावडीवर? उद्या लोक काय म्हणतील?" शेवटी नाव सांगायचं नाही या अटीवर ती तयार झाली आणि पोराला तासभर सांभाळायचंही कबूल केलं. माजलगावच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाबरोबर मी मेहुण्याला निरोप धाडला, अमुक दिवशी आईला चावडीपाशी ने. निरोप पोचला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

आदल्या दिवशी तालमीला ती जात्यावरच्या ओव्या म्हणायला टेबलापुढे बसली. पहिली ओवी निम्मी म्हटली आणि थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबली. उजवा हात मांडीवर गोल फिरत होता.

"काय झालं भाभी?" मिस्त्रीनं विचारलं.

"हातात खुंटा नसला की सुचतच न्हाई हो."

दुसऱ्या दिवशी आम्ही जात्याच्या दोन्ही तळ्या हातगाडीवर घालून वखारीत नेल्या. जिना चढवताना हमाल म्हणाला, "मास्तर, रेडिओ बंद करून पिठाची गिरणी काढता काय?" मिस्त्रीनं जातं गोधडीवर मांडलं. मग तिच्या पदरातली ज्वारी पाहून म्हणाला, "दाणे कशाला? पीठ थोडंच पाहिजे आपल्याला? रिकामंच फिरवा, आवाज कमी येईल."

"रिकामं जातं फिरवत नसतात, भाऊजी. घराला बरं नसतं."

मलाही मिस्त्रीचंच पटत होतं. मी तसं म्हणालो. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर सोडून ज्वारी सुपात ओतली. विषय संपला.

ती जमिनीवर बसणार म्हणून मायक्रोफोन एका पाटावर, जात्याशेजारी ठेवला. इंजिन बंद झालं. मी नुसतं सांगितलं, आता ओव्या ऐका. तिनं डोळे मिटले, जातं घरघरू लागलं आणि ती गाऊ लागली.

मावळतीच्या वाऱ्या रं, माझ्या माहेराला जाय
दारात बसली असंल, वाट बघत माझी माय

एरवी पहाटे जात्यावर ऐकलेला तो आवाज मी त्या दिवशी प्रथमच समोर बसून ऐकला. ओव्या संपल्या तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. मिस्त्री मात्र कानावरचं यंत्र काढून मान खाली घालून उभा.

"मास्तर, गडबड झाली. भाभी डुलत होत्या. आवाज येत होता, जात होता. जातंच सगळं गेलं. गाना कमी, दळण जास्त."

मला वाटलं, तिला सांगू नये. पण तिनं ऐकलं होतं. पीठ पदरात बांधून ती हातगाडीमागून घरी चालत आली.

पुढे बरेच दिवस दिंद्रुडकडून काहीच कळलं नाही. पोराची ढास उतरत आली तेव्हा एका दुपारी मेहुणा आला. पाणी पिऊन होईस्तोवर तिला दम निघेना.

"नेलतं का रे आईला?"

"नेलतं की. बाजेवर घालून. पण पेटीत काय, नुसती घरघर. बोल एक कळंना. सगळी चावडी हसाया लागली. मी म्हनलं आईला, चल, हे आपलं न्हाई."

"मग?"

"हलंना ती. म्हनली, जातं जड वाजतंय. दान्याची मूठ मोठी टाकतीया. पीठ जाडं पडंल, लेकराला बाधंल. सांग माज्या पोरीला."

ती उंबऱ्यातच बसली. भावाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय म्हनली?"

"मूठ मोठी टाकतीया म्हनली, अक्का."

"पुन्हा सांग."

"किती येळा सांगू? मूठ मोठी टाकतीया, लेकराला बाधंल."

"आजून एकदा सांग," ती म्हणाली.