सरांचं वारं आणि आमचा जीव

प्रा. नागनाथ बिरादार सर मला पहिल्यांदा दिसले ते वर्गात नव्हे, आमच्या दुकानात. उदगीरला अब्बांचं गाद्या-उशांचं दुकान होतं आणि मी दाराशी बसून दहावीचा अभ्यास करत होते. सरांनी खिशातून कागद काढला आणि बावीस फूट लांब, मूठभर रुंद, दोन्ही तोंडं उघडी अशी कापडी नळी शिवून मागितली. अब्बांनी उभ्या आयुष्यात लोड शिवले, तक्के शिवले, पण असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. एवढ्या बारीक लोडाला टेकणार तरी कोण, असं त्यांनी अदबीने विचारलं. सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "टेकायला न्हाई. हे आतडं हाय." अब्बांनी माप पुन्हा तपासून लिहून घेतलं. सर गेल्यावर ते मला म्हणाले की या मास्तरांच्या कॉलेजात तुला घालायचं का, याचा विचार करावा लागेल.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला कळवलं आहे की लेखात सरांच्या शैक्षणिक कार्यावर भर असावा आणि पोटाचे विषय शक्यतो टाळावेत. समितीबद्दल मला आदर आहे. पण सरांनी छत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातला त्यांचा जीव की प्राण असलेला धडा क्रमसंकोचाचा, म्हणजे घशापासून थेट शेवटापर्यंत अन्न पुढे ढकलत नेणाऱ्या स्नायूंचा. पोट टाळून सरांवर लिहायचं म्हणजे वरण वगळून वरणफळं करायची. तेव्हा समितीने मला माफ करावं.

पुढच्या वर्षी मी सरांच्या वर्गात गेले आणि अब्बांनी शिवलेलं आतडं कामाला लागलेलं पाहिलं. वर्गातली मुलंमुली ओळीने ती नळी धरून उभी राहायची. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मळून दिलेला कणकेचा गोळा एका तोंडातून आत जायचा. गोळ्याच्या मागे असेल त्याने आवळायचं, पुढे असेल त्याने ढिलं सोडायचं, एवढाच नियम. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहाने सगळ्यांनी एकदम आवळलं. गोळा जागचा हलेना. सरांनी फळ्यावर 'बद्धकोष्ठता' असा शब्द लिहिला आणि दुसरी फेरी सुरू केली. दुसऱ्या फेरीत गोळा मागे येऊन पहिल्या मुलाच्या शर्टावर पडला, तेव्हा 'उलटी'ही शिकवून झाली.

एकदा कुणीतरी शंका काढली की घास आपल्या वजनानेच खाली जातो, मग स्नायू हवेत कशाला? सरांची तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला, भिंतीशी शीर्षासन केलं आणि पाण्याचा ग्लास आणि प्यायची बारीक नळी तोंडाशी धरायला सांगितली. ते पाणी पिऊ लागले आणि नेमके प्राचार्य दारात आले. सरांना बरं वाटत नाही का, असं त्यांनी काळजीने विचारलं. सर उलटेच म्हणाले, "थांबा जरा, गिळून राहिलोय." पाणी वर चढलं, शंका फिटली, आणि प्राचार्यांनी त्यानंतर आमच्या वर्गावरून जाणं सोडलं.

सरांचा वर्गाबाहेरचा स्वभावही असाच होता. बारावीनंतर मला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. अब्बा आनंदले आणि लगेच घाबरले. मुलगी एकटी होस्टेलवर राहणार, हे त्यांना झेपेना. चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. सर दुकानात आले, अर्ध्या भरलेल्या गादीवर बसले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "भाई, मागून मी रेटतो. तुम्ही पुढून फक्त ढिलं सोडा." ते आतडं अब्बांनीच शिवलेलं, त्यामुळे त्यांना जास्त समजावावं लागलं नाही. मला पोचवायला दोघेही नांदेडला आले आणि परतीच्या गाडीत, अब्बा सांगतात, सरच जास्त रडले. मी आज सर्जन आहे ती त्या दोन कप चहांमुळे. हे मी सरांच्या तोंडावर कधी बोलले नव्हते, म्हणून इथे लिहून ठेवते.

गेल्या वर्षी सरांचं पोट अचानक फुगलं आणि काकू त्यांना लातूरला माझ्याकडे घेऊन आल्या. आतड्याला पीळ पडला होता. ज्या हातांनी कापडी आतडं धरलं त्याच हातांनी मी सरांचं खरं आतडं धरलं आणि पीळ सोडवला. ऑपरेशननंतर आतडी दोन-तीन दिवस निपचित असतात, मग हळूहळू हलू लागतात. सरांची हलेनात. चौथ्या दिवशीही पोट ताठ, नाकात नळी आणि स्टेथोस्कोपमध्ये काहीच नाही. आतडी अशीच राहिली तर पोट पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि सर ते सोसतील याची मला खात्री नव्हती. मी हे फक्त काकूंना सांगितलं होतं, पण सरांपासून काय लपणार?

मी कानांतून स्टेथोस्कोप काढला तसं त्यांनी विचारलं, "किती मिनिटं ऐकलंस, शाहीन?"

दोन, असं मी कबूल केलं.

"पाच ऐकायची असतात. बस."

मी बसले. उरलेली तीन मिनिटंही तशीच गेली. सरांशी खोटं बोलता येत नाही, म्हणून मी बाहेर जाऊन डोळे पुसले.

पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सरांच्या पलंगावरून एक मोठा, निःसंदिग्ध आवाज आला. काकूंनी हात जोडले. शेजारच्या पेशंटने अभिनंदन केलं. आमच्या सिस्टर मूळच्या तेलंगणाच्या सीमेलगतच्या बिलोलीच्या, चार दिवस त्याही माझ्याइतक्याच काळजीत होत्या. त्यांनी आनंदाच्या भरात कुणाला न विचारता सरांच्या गावी त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णांना, फोन लावला. त्यांना म्हणायचं होतं, वारं सरलं, म्हणजे आतडी हलून पोटातला वायू सुटला. घाईत त्या म्हणाल्या, "सरांचं वारं गेलं." आपल्याकडे वारं गेलं म्हणजे अंगावरून गेलं, अर्धं अंग लुळं पडलं. अण्णांनी पुढचं ऐकलंच नाही.

दुपारी दवाखान्यासमोर दोन जीपगाड्या थांबल्या. त्यातून पंधरा माणसं, तेलाची बरणी घेतलेला एक मालीशवाला आणि टोपलीत एक कबुतर उतरलं. वारं गेल्यावर कबुतराचं रक्त लावतात अशी अजून काहींची समजूत आहे. वॉचमनने कबुतर अडवलं, पण ब्याऐंशी वर्षांच्या अण्णांना अडवणं त्याला जमलं नाही.

अण्णा थेट पलंगाशी आले. नागू, हात उचल, म्हणाले. सरांनी उचलला. पाय उचल, म्हणाले. सरांनी तोही उचलला. अण्णांनी वाकून सरांचं तोंड निरखलं. ते सरळच होतं.

"मंग वारं गेलं कुठनं?"

सरांच्या ध्यानात सगळा प्रकार आला. टाक्यांवर उशी दाबून धरत ते म्हणाले, "अण्णा, अंगावरून न्हाई. अंगातून गेलं."

अख्खा वॉर्ड हसला. अण्णा हसले नाहीत. ते पलंगाच्या कडेवर बसले, रुमालाने तोंड झाकून घेतलं आणि म्हणाले, "वाटभर म्हनत होतो, हात गेला असंल तर मी भरवीन त्याला."

मी स्टेथोस्कोप अण्णांच्या कानांत घातला आणि दुसरं टोक सरांच्या पोटावर ठेवलं. अण्णांनी बराच वेळ ऐकलं. पाच मिनिटं तरी नक्की झाली असतील. काकू तेवढ्यात खाली जाऊन कबुतर सोडून आल्या.

सर, आता तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तुम्ही दह्याबरोबर धपाटे खा आणि ते पचवा, आमच्या सगळ्यांच्या चुका काढा, या लेखातल्याही काढा, आणि अण्णांच्याही पुढे वयाने जा. बोलायचा कंटाळा आला तर खुशाल मौन धरा. पोटाने मात्र गप्प राहू नका. ती शांतता मी चार दिवस कान लावून ऐकली आहे, सर. ती पुन्हा ऐकायचं धैर्य तुमच्या विद्यार्थिनीत नाही.